पाणी घालूनही दुपारी मान टाकणारं लिंबू: मुळं कोंडलेल्या एका कलमाचं प्रकरण

पार्श्वभूमी

झाड लिंबाचं. डोळा भरून केलेलं कलम, वय अडीच वर्षांच्या आसपास, उंची ६५ सेंमी. पहिलं वर्ष ते पिशवीत होतं. तिथून ते १५ सेंमी तोंडाच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत आलं आणि गच्चीवर, दुपारी तीनपर्यंत ऊन मिळेल अशा जागी दीड वर्ष राहिलं. कुंडीत लावताना पिशवी कापून मातीचा गोळा होता तसाच आत ठेवला गेला आणि भोवतीच्या जागेत कोकोपीट व कंपोस्ट भरलं गेलं. गोळा फुटू द्यायचा नाही, मुळांना हात लावायचा नाही, हा सल्ला सगळीकडे मिळतो. मुळं मोकळी वाढलेली असतील तर तो बरोबरही आहे. इथे ती मोकळी नव्हती, पण गोळा न उघडल्यामुळे हे त्या वेळी कळलं नाही.

झाड सांभाळणाऱ्या बाई हयगय करणाऱ्या नव्हत्या. रोज सकाळी पाणी, दर पंधरा दिवसांनी लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद व पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत. पहिल्या वर्षी नवती, म्हणजे नवी पालवी, चांगली आली, फांद्या सुटल्या, थोडी फुलंही धरली.

अडचण

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर वाढ थांबली. आधी ६-७ सेंमी लांब येणारी पानं आता ३-४ सेंमीवरच थबकू लागली. सकाळी आठला पाणी घातलेलं झाड दुपारी एकला मान टाकायचं आणि संध्याकाळी पुन्हा सावरायचं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत होती. कोवळ्या पानांचा पिवळेपणा मात्र वेगळा होता: शिरा हिरव्या, मधला भाग फिकट.

उपायही लक्षणांच्या मागोमाग होत गेले. मान टाकली म्हणून पाणी दिवसातून दोनदा. पानं पिवळी पडली म्हणून खत पंधरवड्याऐवजी दर आठवड्याला. कोवळी पानं फिकट म्हणून लोहाची फवारणी. तीन आठवड्यांत फरक पडला नाही, उलट पानांच्या कडा करपायला लागल्या आणि कुंडीच्या काठाशी पांढरा खारट थर दिसू लागला.

यातला एकही उपाय तसा चुकीचा नव्हता. जुनी पानं पिवळी पडणं हे नत्र कमी पडल्याचं लक्षण आहेच, आणि हिरव्या शिरांची फिकट कोवळी पानं लोहाकडे बोट दाखवतातच. पण झाडात नत्र कमी आहे आणि मातीत नत्र कमी आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खताचं पाणी गोळ्याच्या बाहेरून वाहून जात असेल तर मात्रा कितीही वाढवली तरी मुळांच्या वाट्याला फक्त साचलेले क्षार येतात. क्षार साचले की मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं, म्हणजे तहान वाढते.

ओळख कशी पटली

आधी इतर शक्यता बाजूला काढल्या. पानांची खालची बाजू भिंगातून पाहिली: कोळी नाही, मावा नाही, बेचक्यांत पिठ्या ढेकूण नाही. दोन पानांवर नागअळीच्या जुन्या वेड्यावाकड्या रेषा होत्या, पण तेवढ्यानं झाड मान टाकत नाही. मॅग्नेशियमची कमतरता असती तर जुन्या पानांच्या देठाकडे उलट्या इंग्रजी व्हीसारखा हिरवा भाग उरला असता. तोही नव्हता.

राहिले दोन संशयित, मूळकूज आणि कोंडलेली मुळं. दोन्हींत झाड पाणी असूनही सुकतं, म्हणून गल्लत होते. ढोबळ फरक कुंडीच्या वजनात असतो. कूज लागलेलं झाड सुकत असतानाही त्याची कुंडी जड असते, मुळं कोंडलेल्याची हलकी. ही कुंडी सकाळच्या पाण्यानंतर चार तासांतच एका हातानं उचलता येत होती.

मग मोजून पाहिलं, आणि या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम तेच ठरलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक मापाचं भांडं आणि एक खोल बशी एवढंच लागलं. कोरड्या कुंडीचं वजन १.४८ किलो. वरून ५०० मिली पाणी सावकाश घातलं. दोन मिनिटांत ३९० मिली बशीत उतरलं. म्हणजे आत राहिलं ११० मिली, तेही बहुतेक बाहेरच्या कोकोपीटमध्ये. दुसऱ्या दिवशी तीच कुंडी त्याच कोरड्या वजनावर येऊ दिली आणि काठापर्यंत पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवून ठेवली. सुरुवातीला ती तरंगली, वर वीट ठेवावी लागली. बुडबुडे थांबायला २५ मिनिटं लागली. निथळल्यावर वजन भरलं २.१० किलो. ६२० मिली पाणी धरू शकणाऱ्या कुंडीला रोज शंभरेक मिलीवर दिवस काढावा लागत होता. त्या दिवशी दुपारी झाडानं मान टाकली नाही.

कारण सरळ आहे. मुळांनी जागा व्यापली की पाणी धरणारी माती तेवढी कमी होते. गोळा सुकला की आकसतो, कुंडीच्या भिंतीशी बारीक फट पडते आणि पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की वरून घातलेलं पाणी सहज घेत नाही. बशीत पाणी दिसतं आणि माणूस समाधानी होतो.

शेवटची खात्री कुंडी उपडी करूनच. तळाच्या तीन भोकांतून मुळं आधीच बाहेर आली होती; ती कापल्याशिवाय गोळा निघेना. निघाला तेव्हा कुंडीचा हुबेहूब साचा हातात आला. तळाशी मुळांची चुंबळ, जवळजवळ २ सेंमी जाड. बाजूंना पांढऱ्या मुळीची जाळी, आणि उन्हाकडच्या बाजूला तीच जाळी तपकिरी व करपलेली, कारण काळी कुंडी त्या बाजूनं तापायची. कूज मात्र कुठेच नव्हती. मूळ चिमटीत धरून ओढलं की सालपट निसटून आतला दोरा हातात राहतो, ती कुजलेल्या मुळाची खूण. इथे मुळं कडक होती आणि वास ओल्या मातीचाच होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता थांबण्याचा. दुपारचं तापमान ३६ अंशांवर जात होतं आणि एवढ्या उन्हात मुळांना कापाकापी करणं कोणत्याही पुस्तकात बसत नाही. रोज बादलीत बुडवून दोन महिने काढायचे आणि हवा थंडावल्यावर कुंडी बदलायची. झाड नुसतं तंग कुंडीत असतं तर हाच पर्याय योग्य होता. पण इथे पानगळ चालू होती आणि क्षार साचलेले होते. रोजची बुडवणी जमणार नाही हेही बाईंनी स्वतःच सांगितलं, आणि न जमणारा उपाय कागदावर कितीही चांगला असला तरी मोजणीत धरायचा नसतो.

दुसरा पर्याय थेट ४० सेंमीच्या मोठ्या कुंडीत लावण्याचा, म्हणजे पुन्हा तीन वर्षं बघायला नको. हा मोह सगळ्यांना होतो. त्यात धोका असा की इवल्या गोळ्याभोवती दहा-बारा सेंमी अशी माती राहते जिच्यात मुळी नाही. ती माती पाणी धरते, वापरणारं कोणी नसतं, आठवडाभर ओल हटत नाही आणि कापलेल्या मुळांना कूज तिथेच लागते. तहानेनं मरणारं झाड मग बुडून मरतं.

तिसरा, गोळा आहे तसा एक माप मोठ्या कुंडीत ठेवणं. मागच्या वेळी हेच झालं होतं. चुंबळ उलगडली नाही तर मुळं त्याच गोल वाटेनं फिरत राहतात. भाजीच्या रोपाला ते एक हंगाम चालून जातं. लिंबासारख्या लाकूड धरणाऱ्या झाडात ती मुळं जाड होतात, एकमेकांना आणि शेवटी खोडालाही आवळतात.

चौथा, सगळी माती धुऊन मुळं उघडी करणं. रचना पूर्ण दुरुस्त करायची तर याहून चांगलं काही नाही, पण पानं अंगावर असलेल्या सदाहरित झाडाला भर उन्हात हा धक्का फार मोठा.

निवडला गेला तो पाचवा: गोळ्याची बाहेरची कड आणि तळ कापणं, आत फक्त गरजेपुरतं उकरणं, आणि १५ ऐवजी २० सेंमीची कुंडी. फ्लोरिडा विद्यापीठात एडवर्ड गिलमन यांनी कुंडीत वाढवलेल्या झाडांवर जे काम केलं, त्यात गोळ्याची कड तासण्याची हीच पद्धत आवळणारी मुळं कमी करायला उपयोगी ठरली आहे. २० सेंमीची कुंडी दिसायला थोडीच मोठी वाटते, पण १५ सेंमीच्या कुंडीत साधारण २ लिटर मिश्रण मावतं आणि २० सेंमीच्या कुंडीत साडेचार ते पाच. दुपटीहून जास्त. (हेच झाड बोगनवेल असतं तर चाकू बाजूला ठेवावा लागला असता, तिची मुळं छेडलेली तिला सोसत नाहीत.)

काय केलं

आदल्या संध्याकाळी कुंडी पुन्हा बुडवून रात्रभर निथळत ठेवली. गोळा वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नाही असा, असावा लागतो. कोरडा असेल तर फुटतो, चिखल असेल तर चाकूला चिकटून माती घट्ट लिंपली जाते. काम दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर, सावलीत.

मिश्रण आधी तयार ठेवलं: बागेतली माती २ भाग, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट १ भाग, दोनदा धुऊन पिळलेलं कोकोपीट १ भाग आणि २ ते ४ मिमीची जाड वाळू १ भाग. एक भाग म्हणजे ८०० मिली, एकूण ४ लिटर, थोडं उरलं. कोकोपीट धुवायचं कारण त्यातले क्षार. ताजं शेण किंवा अर्धकच्चं खत घातलं नाही, रासायनिक खतही नाही. तळाशी विटांचे तुकडे भरले नाहीत. त्यानं निचरा वाढत नाही; पाणी साठून राहणारा तळाचा थर फक्त तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकांवर जाळीचा एकेक तुकडा ठेवला, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी.

दातेरी चाकू स्पिरिटनं पुसून घेतला. आधी तळाची चुंबळ २.५ सेंमी जाडीनं, पाव कापावा तशी आडवी कापून काढली. मग चारही बाजूंनी १.५ सेंमी कड उभी तासली, गोल गोळा चौकोनी करावा तसा. नुसतं बोटांनी विंचरलं तर अर्धी मुळं तुटतात आणि फाटलेल्या टोकांपेक्षा स्वच्छ काप लवकर भरतो.

इथे काम थांबलं. तासलेल्या बाजूतून आत दुसरा गोळा दिसला: लाल चिकण मातीचा, १० सेंमी व्यासाचा, मूळ पिशवीच्या आकाराचा. त्यात मुळांचा स्वतंत्र वेढा होता. लावताना जो गोळा जपला होता, तोच आत पिंजरा होऊन बसला होता. वेढ्यातली दोन मुळं लाकडासारखी झालेली. एक ८ मिमी जाड, खोडापासून ३ सेंमीवरून जवळजवळ पाऊण फेरा घेतलेलं. दुसरं ५ मिमीचं, अर्ध्या फेऱ्याचं, पण त्याला पुढे भरपूर पांढरी मुळी.

निर्णयाची खरी जागा ही. दोन्ही कापली तर आजवर काढलेलं धरून मुळांचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गेला असता, आणि या उन्हात ती मर्यादा ओलांडणं परवडणारं नव्हतं. दोन्ही ठेवली तर काही वर्षांत ८ मिमीचं मूळ खोडाला आवळणार होतं. जाड मूळ जिथून वळायला सुरुवात करत होतं तिथेच सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) कापलं आणि ओढून बाहेर काढलं. पातळ मूळ ठेवलं. कुंडीच्या कोणत्या बाजूला ते आहे, तिथे काठावर रंगाची खूण केली. चिकण गोळ्याला खुरप्याच्या टोकानं चार उभ्या चिरा दिल्या, २ सेंमी खोल, आणि वरची क्षारानं माखलेली दीड सेंमी माती काढून टाकली.

लावताना कलमाचा जोड मातीच्या ८ सेंमी वर आणि मुळांचा वरचा भाग पूर्वीच्याच पातळीवर. लिंबाचं खोड मातीत पुरलं की बुंध्याशी सड लागते. मिश्रण काडीनं कडेकडेनं सारत भरलं, वर ३ सेंमी जागा पाण्यासाठी सोडली. दाबून ठोकलं नाही. ते काम पाणी करतं. कलमाच्या जोडाखाली, खुंटावर आलेला एक फुटवा आणि वाटाण्याएवढी सहा फळं काढली. शेंडे छाटले नाहीत. मुळं कापली म्हणून वरूनही तेवढंच कापायचं, असा हिशेब अनेक जण करतात. पण नवी मुळी फुटायला लागणारं अन्न पानांतूनच येतं.

जागा बदलली: फक्त सकाळचं कोवळं ऊन, नंतर ५० टक्के सावलीची जाळी. खत बंद.

चौथ्या दिवसाचा पेच

तीन दिवस झाड बरं होतं. चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा मान टाकली, आणि या वेळी संध्याकाळी ती पुरती सावरलीही नाही. बोट खुपसून पाहिलं तर माती ओली. मुळं कापलेली, माती ओली, झाड सुकलेलं. सरळ अर्थ असा निघतो की पाणी जास्त झालं, आता थांबा. बाईंनी एक पाळी टाळलीही.

पण बोट घातलं होतं कुंडीच्या कडेला, नव्या मिश्रणात. बांबूची बारीक काडी खोडापासून ३ सेंमीवर १० सेंमी खोल घातली, दहा मिनिटांनी काढली, तर ती कोरडी निघाली. नवं मिश्रण मोकळं, जुना गोळा घट्ट चिकण. पाणी सोप्या वाटेनं, बाजूनं उतरत होतं. नव्या मिश्रणात अजून मुळी गेलीच नव्हती, त्यामुळे तिथली ओल झाडाच्या कामाची नव्हती. चिरा दिल्या होत्या, त्या पुरल्या नाहीत.

त्याच काडीनं जुन्या गोळ्यात सात भोकं पाडली आणि खोडाला न भिजवता, त्याच्या भोवतीच्या ६ सेंमी घेऱ्यात ३०० मिली पाणी बारीक धारेनं दिलं. वीस मिनिटांनी पुन्हा तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पानं उभी होती. त्यानंतर दोन काड्यांचा नियम ठरला, एक खोडाजवळ, एक कडेला. खोडाजवळची काडी सुकी की गोळ्यापुरतं पाणी. दोन्ही सुक्या की पूर्ण कुंडीला.

निकाल

पहिल्या बारा दिवसांत साठेक पानांपैकी ११ गळली, सगळी जुनी आणि आधीच पिवळी. २६व्या दिवशी तीन फांद्यांवर डोळे फुगले. जाळी त्यानंतर टप्प्याटप्प्यानं काढली, दर तीन-चार दिवसांनी तासभर ऊन वाढवत. सहाव्या आठवड्यात पहिलं खत, लिटरला १ ग्रॅम, तेही भिजलेल्या मातीत.

नवती आली ती हिरवी आली, लोहाची फवारणी पुन्हा न करता. निदानाला याहून पक्का दुजोरा नको होता. पाच महिन्यांनी नवी पानं ६ ते ७ सेंमी भरली आणि पाणी दिवसातून दोनदावरून दर दोन-तीन दिवसांनी एकदा, एवढ्यावर आलं. वरून ५०० मिली पाणी घालण्याची चाचणी पुन्हा केली तेव्हा बशीत ७० मिली उतरलं. करपलेल्या कडांची जुनी पानं आहेत तशीच राहिली. ती सुधारत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी पिशवी कापली त्या दिवशी होती. तेव्हा वेढ्यातली मुळं काडेपेटीतल्या काडीएवढी असणार. चार उभे काप आणि तळाची एक चकती, पाच मिनिटांचं काम, आणि झाडाला ते जाणवलंही नसतं. लाकडी होणाऱ्या कोणत्याही रोपाचा पिशवीतला गोळा लावण्याआधी बाजूनं उघडून बघावा.

वाढ थांबली तेव्हा वजनाची चाचणी आधी आणि खत नंतर, हा क्रम पाळला असता तर तीन आठवडे आणि बरेच क्षार वाचले असते. आणि खरं तर त्याआधीच, थंड हवेत, तळाच्या भोकांतून पहिलं मूळ डोकावलं तेव्हाच कुंडी उपडी करायला हवी होती. भोकातून एखादं मूळ बाहेर येणं म्हणजे झाड कोंडलं असं नाही, पण उपडी करून बघायला ते कारण पुरेसं आहे.

चिकण गोळ्याभोवती भरलेलं मिश्रण फार मोकळं होतं का, यावर दुमत होऊ शकतं. मातीचा वाटा दोनऐवजी तीन भाग केला असता तर दोन्हींतला फरक कमी राहिला असता आणि चौथ्या दिवसाचा प्रकार कदाचित टळला असता. पण घट्ट मिश्रणात, ताज्या कापलेल्या मुळांसाठी, निचरा नीट न होण्याचा धोका वाढला असता. आमचा कल मिश्रण तसंच ठेवून गोळ्याला लावतानाच आणखी भोकं पाडण्याकडे आहे.

५ मिमीचं ते मूळ अजून आत आहे. पुढची नवती पिकून पानं गडद झाली की, थंड हवेत, रंगाच्या खुणेपाशी ५ सेंमी माती बाजूला सारून ते खोडापासून ४ सेंमीवर कापायचं. गोळा बाहेर काढायची गरज पडू नये. तोवर त्याची जाडी ७ मिमीच्या वर गेली असेल तर एकाच वेळी न कापता आधी अर्धी खाच आणि महिन्याभरानं उरलेलं.